ग्रेड लिहिलीत, आता पुढची ओळही लिहा

प्रति,
मज्जारज्जूच्या इजेवर उपचार करणारे सर्जन, पुनर्वसनतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि अपंगत्वाचे दाखले देणाऱ्या वैद्यकीय मंडळांचे सदस्य यांस,

विषय : अपूर्ण इजा असलेल्या रुग्णाच्या कागदावर काय लिहावं याबाबत

स. न. वि. वि.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात एवढंच लिहिलंय : सी-५, एआयएस डी. एआयएस ही इजा किती आहे ते सांगणारी ए ते ई अशी श्रेणी. म्हणजे मानेतल्या पाचव्या पातळीपर्यंत सगळं शाबूत, त्याखाली मज्जारज्जूला इजा, पण ती अपूर्ण. आणि खालच्या निम्म्या तरी प्रमुख स्नायूंमध्ये अवयवाचं स्वतःचं वजन उचलण्याइतकी ताकद. यातलं काही खोटं नाही. माझी तक्रार त्या ओळीनंतर दिलेल्या पूर्णविरामाबद्दल आहे.

कारण त्यापुढचं सगळं आम्हाला तोंडी सांगत फिरावं लागतं. 'नक्की काय झालंय तुला?' या प्रश्नाला अपूर्ण इजा असलेल्या माणसाकडे धड उत्तर नसतं. 'पॅरालिसिस' म्हणावं तर समोरचा पायांकडे बघतो, आणि पाय तर चालत असतात. 'मणक्याला मार लागला' म्हणावं तर त्याला स्वतःची कंबरदुखी आठवते आणि तो कुठला पट्टा वापरायचा ते सांगू लागतो. 'लकवा' म्हणावं तर मेंदूत गुठळी झाली होती का, अशी चौकशी सुरू होते. आणि 'मज्जारज्जूची अपूर्ण इजा' असं शुद्ध सांगितलं तर 'अपूर्ण' एवढंच ऐकून चेहरा उजळतो : म्हणजे थोडक्यात वाचलीस की! मग कुणी 'नस दबली होती' म्हणून विषय मिटवतं, कुणी 'अपघात झाला होता' एवढ्यावर थांबतं. मानेची इजा असून चालता येणारे काही जण स्वतःला 'वॉकिंग क्वॉड' म्हणजे 'चालणारा क्वाड्रिप्लेजिक' (हातपाय चारही गेलेला) म्हणवून घेतात, त्यात थोडा मिश्कीलपणाही असतो. मला ते आवडतं, पण ते आमच्या-आमच्यातच चालतं. बँकेत किंवा ऑफिसात ते सांगितलं तर आणखी दहा मिनिटं खुलासा करत बसावं लागतं.

श्रेण्या काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. दोन दवाखान्यांतल्या, दोन देशांतल्या रुग्णांची तुलना करायची, नव्या औषधाची चाचणी घ्यायची, सहा महिन्यांत काही फरक पडला का ते बघायचं, तर सगळ्यांना कळेल अशी एक मोजपट्टी लागणारच. पण ती काय मोजते आणि काय मोजत नाही हे तुम्हाला पाठ असतं. आम्हाला ते कुणी सांगत नाही आणि आम्ही त्या अक्षरालाच आपलं नाव समजून बसतो. त्यातही शाळेत 'ए' मिळालेला चांगला असतो, इथे 'ए' म्हणजे पूर्ण इजा. आयसीयूबाहेर 'ए ग्रेड' ऐकून सुटकेचा निःश्वास टाकलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. शिवाय मानेच्या पातळीचाही 'सी' आणि श्रेणीचाही 'सी'. 'सी-६ सी' ऐकून माणसाने काय समजायचं?

या अक्षरांचा इतिहास मला बऱ्याच उशिरा कळला. १९६९ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातल्या फ्रँकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए ते ई अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यात 'सी' म्हणजे हालचाल आहे पण निरुपयोगी, 'डी' म्हणजे उपयोगी आणि 'ई' म्हणजे बरा झाला. निरुपयोगी कुणाला? ज्याला व्हीलचेअरवरून पलंगावर सरकताना एका पायाचा नुसता टेकू मिळतो, तो आपल्या पायाला निरुपयोगी म्हणणार नाही. पुढे अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनने १९८२ साली आपले निकष प्रसिद्ध केले आणि १९९२ साली फ्रँकेलच्या पायऱ्यांच्या जागी आजची श्रेणी आली. 'निरुपयोगी' हा शेरा गेला, स्नायूंची मोजणी आली. हे बरंच झालं. त्याच निकषांनी 'पॅरापॅरेसिस' (दोन्ही पायांत अर्धवट कमजोरी), 'क्वाड्रिपॅरेसिस' (चारही हातापायांत) असले शब्द टाळावेत असंही सांगितलं, कारण त्यांतून इजा किती अपूर्ण आहे याचा काहीच नेमका बोध होत नाही. केसपेपरवर ते अजून सर्रास दिसतात, ही गोष्ट वेगळी.

१९९२ सालीच पूर्ण आणि अपूर्ण यांची व्याख्याही बदलली. हा भाग रुग्णांना जवळजवळ कधीच सांगितला जात नाही. पाय हलतो की नाही, यावर ते ठरतच नाही. ठरतं ते मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या पातळीवर, एस-४-५ वर. गुदद्वाराजवळच्या त्वचेला स्पर्श किंवा टोचणी कळते का, आत बोटाने दिलेला दाब कळतो का, आणि सांगितल्यावर तो स्नायू आवळता येतो का. यातलं एक जरी असेल तरी इजा अपूर्ण. तिथपर्यंत निरोप पोचतोय म्हणजे इजेच्या जागेतून काही तंतू वाचलेले आहेत, असा त्यामागचा साधा तर्क. त्यामुळे इजेच्या खाली बऱ्याच पातळ्यांपर्यंत थोडंफार जाणवणारा, पण एस-४-५ ला काहीच न कळणारा माणूस जुन्या हिशेबात अपूर्ण ठरला असता, तो नव्या हिशेबात पूर्ण ठरतो. त्याच्या शरीरात तिळमात्र फरक पडलेला नसतो.

जिच्यावर एवढं सगळं अवलंबून आहे ती तपासणी होते कशी? पडदा ओढला जातो, हातमोजे चढवले जातात, कुशीवर वळवलं जातं. कशासाठी, हे सांगायला कुणाला वेळ नसतो. आधीच शरीर परकं झालेलं असतं, त्यात हे. अनेकांच्या मनात त्या दिवसाची फक्त लाज उरते. आपण 'पूर्ण' की 'अपूर्ण' हे त्या दोन मिनिटांत ठरलं, हे त्यांच्या गावीही नसतं. आधी दोन वाक्यं बोललात तर तपासणी तीच राहील, पण माणूस त्यात सहभागी असेल. (काही जण सांगतात. त्यांची नावं आम्ही एकमेकांना आवर्जून देतो.)

आता 'डी' या अक्षराबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यांत जास्त गोंधळ त्यातच भरलाय. प्रत्येक बाजूचे दहा प्रमुख स्नायूगट तपासले जातात, पाच हाताचे, पाच पायाचे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. माझ्या पातळीच्या खाली दोन्ही बाजू मिळून असे १८ गट येतात. त्यातल्या नऊंना तीन गुण मिळाले की 'डी'. तीन गुण म्हणजे अवयव स्वतःच्या वजनासकट पूर्ण उचलता येणं. कुणी बोटाने जरा अडवलं की संपलं.

समजा एका माणसाच्या पायाचे दहाही गट पाचपैकी पाच आहेत, पण मनगट, कोपर सरळ करणारा स्नायू आणि बोटं यांत जवळजवळ काहीच नाही. अठरापैकी दहा झाले, म्हणजे 'डी'. हा झपाझप चालतो आणि चमचा धरू शकत नाही. दुसऱ्याचे हाताचे आठही गट तीनच्या वर आहेत, आणि पायाचा कसाबसा एक. नऊ झाले, हाही 'डी'. हा लिहितो, जेवतो, फोन वापरतो आणि व्हीलचेअरवर बसतो. दोघांच्या कार्डावर एकच ओळ : सी-५, एआयएस डी. दोघांनी एकाच खोलीत बसून आपापली फाइल उघडली, तर आपल्याला एकच आजार झालाय यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकणारही नाही.

शिवाय त्या वीस स्नायूगटांत काय नाही, हेही बघा. पोटाचे आणि पाठीचे स्नायू नाहीत. छातीच्या पातळीवर तपासायला प्रमुख स्नायूच नसल्यामुळे तिथे फक्त संवेदनेवरून अंदाज बांधतात. नितंबांचे नाहीत. मांडीच्या मागचे नाहीत. ज्यांच्या जोरावर माणूस उभा असताना डोलत नाही, जिना चढतो, खुर्चीतून उठतो, त्यांतले बरेचसे या गुणपत्रिकेबाहेर. म्हणून 'स्कोअर तर छान आहे, मग अजून वॉकर का?' हा प्रश्न विचारण्याआधी जरा थांबा.

माझी इजा पहिल्या माणसासारखी आहे, त्याच्याइतकी टोकाची नाही इतकंच. मज्जारज्जूच्या मध्यभागाला जास्त मार बसला की पायांपेक्षा हात जास्त जातात. श्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली वर्णन केलेला सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम तो हाच. मणक्यांची नळी आधीच अरुंद झालेली असेल तर नुसतं पडून मान मागे झटकली गेली तरी तो होऊ शकतो, म्हणून वाढत्या वयात तो जास्त दिसतो. मी ओपीडीत चालत येते, आणि त्या चालण्यावरच माझी तपासणी अर्धी संपलेली असते. कुणीतरी फाइलमधून डोकं वर काढून 'व्वा, छान रिकव्हरी' म्हणतं. बटण लावता येतं का, किल्ली फिरवता येते का, हे विचारायची वेळच येत नाही. एका ठिकाणी तर माझ्या कागदावर 'पूर्ण बरी' असा शेरा पडला. तेव्हा शर्ट दुसऱ्या कुणीतरी घालून दिला होता.

इजा एका बाजूला जास्त असेल तर आणखी वेगळंच चित्र. ब्राउन-सेकार्ड सिंड्रोममध्ये ज्या बाजूला ताकद कमी, तिच्या विरुद्ध बाजूला दुखणं आणि गरम-गार कळत नाही. अशा माणसाला 'तुमचा चांगला पाय कुठला?' असं विचारलं तर त्याने काय सांगायचं? एक हलत नाही, दुसरा भाजला तरी कळत नाही.

'बी' श्रेणीतही हेच. इजेच्या बऱ्याच खाली हालचाल कुणालाच नाही. पण एकाला फक्त कापसाचा स्पर्श कळतो आणि दुसऱ्याला टाचणीचं टोक आणि तिचा बोथट भाग यांतला फरकही कळतो. पुढे चालता येण्याची शक्यता दुसऱ्याची जास्त, कारण टोचणीचा निरोप नेणारे तंतू हालचालीचा हुकूम नेणाऱ्या तंतूंच्या जवळून जातात. तुमच्या तक्त्यात हे लिहिलेलं असतं. रुग्णाच्या हातात मात्र फक्त 'बी' येतो.

आणि मग जे त्या अक्षरात मुळातच नाही ते. लघवी, शौच, लैंगिक क्रिया, रक्तदाब, घाम. यांच्यासाठी २००९ साली वेगळे निकष आले, पण ते भरलेला कागद मी अजून पाहिलेला नाही. वेदना नाही : आग होणं, करंट बसल्यासारखं होणं, कपड्याचा स्पर्श नकोसा होणं. पाय अचानक कडक होणं नाही. थकवा नाही. चालत्याबोलत्या 'डी' माणसाच्या बॅगेत कॅथेटर असू शकतो, आणि कुठेही जायच्या आधी टॉयलेट किती लांब आहे हे तो पहिल्यांदा शोधून ठेवतो. छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा धोका असतो. मूत्राशय तुंबल्यासारख्या कारणानेही रक्तदाब एकदम चढतो, आणि लगेच बसतं करून, कपडे सैल करून कारण शोधलं नाही तर जिवावर बेततं. पूर्ण इजेत तो जास्त आढळतो, पण अपूर्ण इजेतही होतो. इमर्जन्सीत फाइलवर 'अपूर्ण, चालते' एवढंच वाचलेल्या डॉक्टरच्या मनात ही शंका येईल का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगताहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत तर पूर्ण इजांपेक्षा अपूर्ण इजाच जास्त आहेत. म्हणजे मी काही अपवादांची बाजू मांडत नाहीये. तरीही 'मज्जारज्जूची इजा' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हीलचेअर येते, आणि व्हीलचेअर नसेल तर इजाही नसावी, असा हिशेब होतो.

हा हिशेब रुग्णांच्या आपसातही चालतो, तेही सांगायला हवं. आमच्या गटांत कुणी वेदनेबद्दल बोलू लागलं की 'तुला काय, तू चालतेस' असं कुणीतरी म्हणतं. म्हणणाऱ्याचा राग येत नाही, कारण त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पण परिणाम असा होतो की अपूर्ण इजेची माणसं तिथे गप्प बसायला शिकतात. धडधाकट माणसांत आपण अपंग आणि अपंगांत धडधाकट. थोडं अंतर चालून पुढे व्हीलचेअर वापरणाऱ्याची तर दोन्हीकडून पंचाईत. खुर्चीतून उठून त्याने वरच्या फळीवरची वस्तू काढली की आजूबाजूचे डोळे विस्फारतात आणि 'नाटक करतोय' हा शब्द कानावर येतो. खुर्चीत बसलेल्याला अजिबात उभं राहता येत नसणार, ही समजूत आली कुठून? 'चालता येतं का : होय / नाही' असे रकाने छापणाऱ्या फॉर्ममधूनही ती आलेली आहे.

दाखले देणाऱ्या मंडळींना म्हणून वेगळी विनंती. 'जरा चालून दाखवा' म्हणता तेव्हा मी चालून दाखवते. व्हरांड्यातली तेवढी पावलं मला जमतात. चालण्याच्या क्षमतेची जी विस्की-२ नावाची पट्टी आहे, तीही दहा मीटरचीच. कुठल्याही आधाराशिवाय दहा मीटर गेलं की वीसपैकी वीस. दहा मीटरनंतर काय होतं, संध्याकाळी काय होतं, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येतं का, हे तिच्यात येत नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नाही. ते विचारायचं काम तुमचं. त्यासाठी नवं काही शोधायलाही नको : रोजच्या कामांसाठी 'स्किम' नावाची शंभर गुणांची पट्टी आहे, तिच्यात आंघोळ, कपडे, मूत्राशय, श्वास सगळं धरलेलं आहे. आणि शरीरातला दोष, माणसाला करता येणाऱ्या गोष्टी आणि त्याचा जगण्यातला सहभाग या गोष्टी वेगवेगळ्या बघाव्यात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने २००१ सालीच मांडून ठेवलंय.

बाकीच्यांकडे मागणं फार नाही. तपासणीचा तो एक पानी तक्ता, ज्यावर शरीराची आकृती आणि सगळे गुण असतात, त्याची प्रत आम्हाला द्या. आम्हाला तो कळणार नाही, असं गृहीत धरू नका; ज्याचं शरीर आहे तो तक्ता वाचायला पटकन शिकतो. अक्षरापुढे तपासणीची तारीख घाला. पहिल्या दिवशीचा 'ए' हा स्पायनल शॉकमधला, म्हणजे इजेनंतर मज्जारज्जू काही काळ बधिर पडलेला असतानाचा, असू शकतो, आणि बहात्तर तासांनंतरची तपासणी जास्त भरवशाची, हे तुम्हीच शिकवता. मग पहिल्या रात्रीचं अक्षर वर्षानुवर्षं प्रत्येक कागदावर का उतरवलं जातं? आणि अक्षरानंतर एक ओळ लिहा. माझ्यापुरती ती अशी असेल : 'हातांची बोटं कमजोर, बारीक कामाला मदत लागते, थोडं अंतर काठीशिवाय चालते, त्यापुढे थकवा आणि पाय कडक, मूत्राशयावर पूर्ण ताबा नाही, दोन्ही हातांत सतत जळजळ, रक्तदाब अचानक चढण्याचा धोका.' लिहायला फार तर मिनिट लागेल. पुढे फिजिओ, इमर्जन्सीतला डॉक्टर, ऑफिसातला अधिकारी, घरचे, सगळ्यांना त्यातून माझ्याबद्दल अक्षरापेक्षा कितीतरी जास्त कळेल.

ती ओळ लिहिताना आम्हालाही विचारा. स्वतःला कुणी अपंग म्हणवून घेईल, कुणी नाही. कुणाला 'पेशंट' नको असेल, कुणाला 'वॉकिंग क्वॉड'च हवं असेल. वैद्यकीय नोंदीत तुमचा शब्द राहू द्या, पण आमच्याशी आणि आमच्यासमोर बोलताना आमचा वापरा.

राहता राहिले 'ई' मिळालेले लोक. प्रमुख स्नायू आणि संवेदना तपासणीत पूर्ववत आल्या, एवढाच 'ई'चा अर्थ. तरी त्यांच्यातल्या काहींची लघवी तुंबते, काहींचे पाय रात्री आखडतात, काहींची आग थांबत नाही. फ्रँकेलचं 'बरा झाला' तक्त्यातून कधीच गेलंय, पण ओपीडीत ते अजून बोललं जातं आणि त्यांची फाइल बंद होते. ती बंद करू नका. त्यांनाही पुढच्या तपासणीची तारीख द्या, आणि त्या दिवशी पायांच्या आधी मूत्राशयाबद्दल विचारा.

कळावे,
मानेची अपूर्ण इजा असलेली तुमची एक रुग्ण